गाडीचा ताप

1888 च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मोटारीतून माहेरी निघाली. मानहाइम ते फोर्झहाइम, साधारण 104 किलोमीटर. ही गोष्ट तुम्ही कुठल्यातरी रीलमध्ये पाहिली असेल. औषधाच्या दुकानातून घेतलेलं इंधन, टोपीच्या पिनेनं मोकळी केलेली नळी वगैरे. रीलमध्ये एक गोष्ट मात्र बहुतेक वेळा राहून जाते. तिला वाटेत सारखं पाणी भरावं लागत होतं. कार्ल बेंझच्या त्या गाडीत रेडिएटर नव्हताच. सिलिंडरभोवती पाणी असायचं, ते उकळायचं आणि वाफ हवेत निघून जायची. पाणी उकळणं हा तिथे बिघाड नव्हता, तीच इंजिन थंड ठेवायची पद्धत होती.

हे सगळं मी वाचत बसले होते, कारण आमची गाडी तापत होती. बारा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. आठवड्यातून दोनदा आजीला डायलिसिसला न्यायचं-आणायचं, म्हणजे गाडी बंद ठेवणं परवडणारं नव्हतं. घराजवळच्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून दोन मिनिटांत निकाल दिला: हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल, अठ्ठावीस हजार. बाबा म्हणाले, "त्यापेक्षा विकून टाकू."

मी दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधते. कोणी सांगितलं की सगळं नव्यानं लिहावं लागेल, तर मी आधी विचारते, नेमकं कधी बिघडतं? आमच्या गाडीचा काटा सिग्नलला उभं राहिलं की वर चढायचा आणि गाडी चालू लागली की खाली यायचा. तीस किलोमीटर हायवेवर पळवली तरी काटा जागचा हलायचा नाही.

एवढ्या माहितीत बरंच काही दडलेलं असतं, आणि ते कळायला इतिहासाची मदत होते. इंजिन थंड ठेवणारा प्रत्येक भाग आधीच्या भागांना एखादी परिस्थिती झेपली नाही म्हणून आलेला आहे. त्यामुळे तो बिघडला की जुनीच अडचण जशीच्या तशी परत उभी राहते. कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली की आम्ही गिट ब्लेम लावून ती कोणी, कधी आणि कशासाठी लिहिली ते बघतो. बॉनेटखालीही तेच करता येतं.

बेंझच्या गाडीची अडचण होती पाणी संपण्याची. त्यावर उपाय म्हणजे तेच पाणी गार करून परत वापरायचं. विल्हेल्म मायबाखनं 1900 च्या सुमारास, एमिल येलिनेकच्या आग्रहानं बनलेल्या 35 अश्वशक्तीच्या पहिल्या मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात 8,070 बारीक चौकोनी नळ्या होत्या, प्रत्येकीचं तोंड 6 बाय 6 मिलिमीटरचं. नळ्यांतून हवा आणि त्यांच्या भोवतीच्या फटींतून पाणी. पाणी लागायचं सुमारे 9 लिटर. मागे पंखाही होता, कारण गाडी हळू चालली की समोरून वारा येत नाही. आमच्या गाडीचं दुखणं मायबाखला तेव्हाच ठाऊक होतं!

फोर्डच्या मॉडेल टीची गंमत निराळी. 1908 साली ती आली तेव्हा पहिल्या सुमारे 2,500 गाड्यांना वॉटर पंप होता, नंतर फोर्डनं तो काढूनच टाकला. गरम पाणी हलकं होऊन वर जातं, गार पाणी खाली बसतं, एवढ्यावर पाणी आपोआप फिरत राहायचं. मोडणारा भाग नाही, खर्च नाही. अट एकच, पातळी वरच्या नळीच्या खाली जाता कामा नये, नाहीतर फिरणं थांबतं. तेव्हा डॅशबोर्डवर तापमानाचा काटाही नसायचा. 1912 साली पेटंट घेतलेला बॉइसचा मोटोमीटर रेडिएटरच्या झाकणावर बसवायचे आणि चालवणारा काचेतून समोर बघत त्यातला लाल रंग किती चढला ते पाहायचा.

"पाणी बघितलंस का?" हा बाबांचा प्रश्न त्या काळातून आलेला आहे. प्रीमियर पद्मिनी, अँबेसेडर या गाड्यांबरोबर वाढलेली ती पिढी. खंडाळ्याच्या घाटात कडेला बॉनेट उघडून उभ्या गाड्या आणि डिकीतला पाण्याचा कॅन ही त्यांची प्रवासाची आठवण. मी त्या प्रश्नाला हसत नाही. आजही पहिली तपासणी तीच, फक्त उत्तराचा अर्थ बदललाय. आजची व्यवस्था बंद आहे. तिच्यात पाणी सारखं कमी होत असेल, तर ते कुठून जातंय हे शोधायला हवं. बाबा मात्र बारा वर्षं नळाचं पाणी ओतत आले होते.

व्यवस्था बंद करण्यामागे कुकरचं तत्त्व आहे. दाब वाढवला की पाणी उकळायला जास्त तापमान लागतं, हे दनी पापँनं 1679 मध्ये आपल्या 'डायजेस्टर' भांड्यानं दाखवलं, आणि भांडं फुटू नये म्हणून त्याला सेफ्टी व्हॉल्वही लावला. रेडिएटरची कॅप म्हणजे या भांड्याचं स्प्रिंग लावलेलं झाकण. सुमारे एक बार जादा दाबाखाली पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून गरम इंजिनाची कॅप कधीही उघडू नका. शिट्टी न काढता कुकरचं झाकण ओढल्यासारखं ते आहे, फक्त तोंड तुमच्या चेहऱ्याकडे. दोन तास थांबा. कॅपचं रबर चिरलं असेल तर दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळतं. नवी कॅप काही शे रुपयांत येते.

मग थर्मोस्टॅट. या भागावर आपल्याकडे फार अन्याय होतो. "आपल्या हवेत लागत नाही," म्हणत तो काढून फेकणारे मिस्त्री अजून आहेत. हवा कुठलीही असली तरी इंजिन लवकर गरम व्हावं आणि ठरावीक तापमानावर राहावं म्हणून तो असतो. आतलं मेण वितळून फुगतं आणि दांडा ढकलून वाट उघडतं, बऱ्याच गाड्यांत 82 ते 88 अंशांच्या दरम्यान. तो काढला की इंजिन बराच वेळ थंड राहतं, पेट्रोल जास्त जातं. तो बंद अडकला, तर इंजिन तापूनही रेडिएटरची खालची नळी गार राहते. तपासायचा असेल तर जुन्या पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडा आणि उघडतो का बघा. ते पातेलं मात्र परत स्वयंपाकाला नको.

शनिवारी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, मी आधी गॅरेजवाल्याचा निकाल तपासला. डिपस्टिकवरचं तेल दुधाळ चहासारखं दिसत नव्हतं. कॅप काढून इंजिन सुरू केलं, तर पाण्यात सतत बुडबुडे येत नव्हते. सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. हेड गॅस्केट गेल्याची एकही खूण नाही. हायवेवर काटा स्थिर, म्हणजे पंप आणि थर्मोस्टॅटवरही फारसा संशय नाही. उरला पंखा.

जुन्या गाड्यांत तो इंजिनच्या पट्ट्यावर फिरायचा. सिग्नलला इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद. विजेच्या पंख्यानं ती अडचण सोडवली. इंजिन कितीही हळू चालो, गरज पडली की पंखा पूर्ण वेगानं फिरतो. बदल्यात मोटर, सेन्सर, फ्यूज, रिले अशी साखळी आली. कॅप लावून इंजिन तापू दिलं. काटा मध्याच्या वर गेला, पंखा ढिम्म. इंजिन बंद केलं. फ्यूज ठीक होता. पंख्याचा प्लग काढून बॅटरीची थेट वायर दिली, तर पंखा फिरला. मग फ्यूजबॉक्समधला पंख्याचा रिले काढून त्या जागी त्याच नंबरचा हॉर्नचा रिले लावला आणि पुन्हा इंजिन तापवलं. खाड्कन पंखा सुरू झाला. बाबा गॅलरीतून बघत होते. "आता हॉर्न?" त्यांनी विचारलं. नवा रिले अडीचशे रुपयांना आला.

आतलं पाणी मात्र काळ्या चहासारखं निघालं. गंज आणि क्षार. ते फ्लश करून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट अर्धं-अर्धं भरलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून अडकलेली हवा काढली. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून आलं. 1927 मध्ये 'प्रेस्टोन' नावानं ते अमेरिकेच्या बाजारात होतं. पुण्यात पाणी गोठत नाही हे खरं, पण ग्लायकॉल उत्कलनबिंदूही वाढवतं आणि त्यासोबतची रसायनं गंज रोखतात. ते चवीला गोड आणि विषारी असतं. काढलेलं कूलंट रस्त्यावर किंवा गटारात सोडू नका, कुत्री चाटतात. मी ते कॅनमध्ये भरून एका सर्व्हिस सेंटरला दिलं.

पुढच्या मंगळवारी आजीला नेताना चौकात नऊ मिनिटं अडकलो. पंखा दोनदा लागला, दोनदा थांबला. बाबा गाडी चालवत होते, पण लक्ष काट्यावर. आजीनं मागून विचारलं, "एवढं काय बघतोस तिथे?"

बाबांनी विकायचा विषय तेव्हापासून काढलेला नाही. डिकीतला पाण्याचा कॅन मात्र त्यांनी अजून हलवू दिलेला नाही. त्यात आता डिस्टिल्ड वॉटर असतं.