तर्षण दाब, वृक्कगालनातील

वृक्कातील केशिकागुच्छांमधून रक्तद्रव गाळला जात असताना, मागे राहिलेल्या प्रथिनांमुळे त्या गालनास होणाऱ्या विरोधाचे मान. रक्तद्रवाचा एकूण तर्षण दाब देहतापमानास सु. ५,५०० मि.मी. पारा इतका प्रचंड असला, तरी तो बहुतांशी लवणांसारख्या लघुकणांचा असल्यामुळे, आणि हे कण पाण्याबरोबर केशिकाभित्तीतून मुक्तपणे पार होत असल्यामुळे, भित्तीच्या दोन्ही अंगांस तो जवळजवळ समान राहून हिशेबातून वजा होतो. बाकी उरतो तो प्रथिनांचा, मुख्यत्वे अल्ब्युमिनाचा, कलिली दाब : अवघा २५ ते २८ मि.मी. एकूण दाबाच्या अर्ध्या टक्क्याएवढा हा अंशच गालनाची मर्यादा ठरवतो. प्रथिनांच्या ऋण विद्युत् भारामुळे अडकून राहणारे सोडियमाचे आयनही त्यात भर घालतात (डॉनन परिणाम).

इतिहास : १८४२ मध्ये बोमन यांनी केशिकागुच्छाभोवतीच्या संपुटाचे वर्णन केले, व त्याच वर्षी मारबुर्ग येथे कार्ल लूटव्हिख यांनी मूत्राचा आरंभ निव्वळ रक्तदाबाने घडणाऱ्या गालनात आहे, असे प्रतिपादिले. ब्रेस्लौचे हायडेनहाइन यांनी त्यास विरोध करून मूत्रोत्पत्तीचे श्रेय कोशिकांच्या स्रावक्रियेस दिले, आणि हा वाद कित्येक दशके चालला. त्यातील निर्णायक पाऊल अर्नेस्ट स्टार्लिंग यांचे होय. रक्तरसातील प्रथिनांचा तर्षण दाब नगण्य समजण्याची तत्कालीन रूढी बाजूस सारून त्यांनी तो जिलेटिनयुक्त पटलाच्या साहाय्याने प्रत्यक्ष मोजला. तो २५ ते ३० मि.मी. भरला, आणि धमनीतील दाब सु. ४० मि.मी.च्या खाली उतरताच मूत्रस्राव का खंडित होतो, याचा उलगडा त्यांनी १८९९ मध्ये या मापनाच्या आधारे केला. इतक्या साध्या साधनाने इतका मूलगामी निष्कर्ष हाती आल्याची उदाहरणे शरीरक्रियाविज्ञानाच्या दफ्तरात विरळाच आढळतात. पुढे फिलाडेल्फिया येथे रिचर्ड्‌स व वेर्न यांनी बेडकाच्या संपुटात सूक्ष्म नलिका खुपसून तेथील द्रव काढला. तो प्रथिनरहित, परंतु शर्करा व क्लोराइड यांनी युक्त निघाला (१९२४).

मूल्ये : केशिकागुच्छ पृष्ठभागीच असलेल्या म्यूनिक-विस्टार जातीच्या उंदरांत ब्रेनर व सहकारी यांनी १९७१ मध्ये दाब प्रत्यक्ष मोजले. केशिकांतील दाब सु. ४५ मि.मी., संपुटातील सु. १०, आरंभीचा कलिली दाब सु. २०, म्हणजे निव्वळ गालनबल १५. मात्र पाणी निघून जाऊन प्रथिने मागे राहत असल्याने कलिली दाब वाटेतच वाढत जातो, आणि तो ३५ पर्यंत पोचताच गालनबल शून्य होते. यामुळेच रक्तद्रवाचा प्रवाह वाढला की कलिली दाबाची वाढ मंदावून गालन अधिक होते. मानवात असे प्रत्यक्ष मापन झालेले नसल्याने या तीन दाबांची अनुक्रमे ६०, १८ व ३२ मि.मी. ही प्रचलित मूल्ये अनुमानित समजावीत. मानवी केशिकांतही गालनबल शून्यावर येते किंवा कसे, याविषयी मतभेद आहेत.

उत्तरकार्य : केशिकागुच्छातून बाहेर पडणारे, रक्तद्रवाचा सु. एक-पंचमांश भाग गमावलेले आणि म्हणून प्रथिनसंपृक्त झालेले रक्त पुढे नलिकांभोवतीच्या केशिकांत शिरते. तेथे रक्तदाब कमी व कलिली दाब अधिक असल्याने, नलिकाकोशिकांनी परत घेतलेले लवण व पाणी ते सहज आत ओढून घेते. दिवसाकाठी गाळल्या जाणाऱ्या सु. १८० लि. द्रवापैकी दीड लिटरच्या आसपासच मूत्र उरते, त्यात या ओढीचा वाटा मोलाचा आहे.

विकृती : अपवृक्कीय लक्षणसमूहात अल्ब्युमीन मूत्रावाटे जाऊन कलिली दाब घटतो; मात्र या विकारात येणाऱ्या सुजेचे तेच एकमेव कारण होय किंवा कसे, हे विवाद्य आहे.