पहिल्या आवृत्तीचा माग

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, इंग्लंडमध्ये नवी कादंबरी विकत घेणारे थोडे आणि वर्गणी भरून वाचायला आणणारे फार होते. कादंबरी तीन खंडांत निघे आणि तिची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. चार्ल्स एडवर्ड मुडी याने १८४२ मध्ये सुरू केलेल्या वाचनालयाने हा साचा अर्धशतक टिकवून धरला, कारण एकाच कादंबरीचे तीन खंड एकाच वेळी तीन वर्गणीदारांच्या घरी फिरवता येत. १८९४ मध्ये मुडी आणि स्मिथ या दोन मोठ्या वाचनालयांनी प्रकाशकांवर कमी दराची अट घातली, आणि थोड्याच वर्षांत तीनखंडी कादंबरी बंद पडली. पहिल्या आवृत्त्यांच्या दुर्मीळतेचे मूळ या व्यवहारात आहे. प्रती मुळात कमी निघाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा वाचनालयांत गेल्या, अनेकांच्या हातांतून फिरल्या आणि शेवटी मोडीत निघाल्या. कोणी घरात ठेवून जपलेला, मूळ कापडी बांधणीतला तिन्ही खंडांचा संच म्हणूनच आज लिलावात भाव खातो.

कादंबरीचा दुसरा अवतार मासिक भागांचा होता. डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ एप्रिल १८३६ पासून नोव्हेंबर १८३७ पर्यंत हिरव्या कागदी वेष्टनात, एका शिलिंगाला एक भाग अशी निघाली. पहिल्या भागाच्या हजारभर प्रती निघाल्या होत्या. शेवटी शेवटी हा आकडा चाळीस हजारांवर गेला. म्हणजे ज्याला आज सगळे भाग मूळ वेष्टनासह हवेत, त्याची खरी अडचण पहिल्या काही भागांपाशीच होते. बहुतेक वाचकांनी शेवटचा भाग हाती आल्यावर वेष्टने आणि जाहिरातींची पाने काढून टाकली आणि सगळे भाग एकत्र बांधून घेतले. तेव्हा केरात गेलेली तीच जाहिरातींची पाने आजचा संग्राहक एकेक मोजून बघतो. तीन खंडांच्या कादंबरीत परीक्षा वेगळी असते. शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ ऑक्टोबर १८४७ मध्ये आली, तेव्हा शीर्षकपृष्ठावर करर बेल हे टोपणनाव ‘संपादक’ म्हणून छापलेले होते. १८४८ च्या आरंभी निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत थॅकरेला अर्पणपत्रिका आली. ती अर्पणपत्रिका दिसली की प्रत पहिल्या आवृत्तीची नाही, हे ठरले.

या इंग्रजी कादंबऱ्यांपैकी काहींचा जन्म मराठी मुलुखाच्या अनुभवातून झाला, आणि मराठी माणसाने त्यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे असे त्यांत बरेच आहे. फिलिप मेडोज टेलर १८०८ मध्ये लिव्हरपूलला जन्मला. १८२४ मध्ये एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी तो मुंबईत उतरला आणि लवकरच निजामाच्या सैन्यात गेला. ठगांच्या तपासाशी त्याचा संबंध आला. त्यातून ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी उभी राहिली आणि १८३९ मध्ये लंडनच्या रिचर्ड बेंटलीने ती तीन खंडांत काढली. पुढे १८५३ नंतर टेलर नळदुर्गला अधिकारी होता. तुळजापूर, नळदुर्ग हा सारा टापू त्याच्या पायाखालचा झाला आणि १८६३ मध्ये ब्लॅकवुडने प्रसिद्ध केलेल्या ‘तारा’ या त्याच्या कादंबरीत तो उतरला. शिवाजी महाराज आणि अफझलखान यांच्या काळाची ही कथा तुळजापूरच्या भवानीच्या परिसरात सुरू होते. ‘तारा’ १६५७, ‘राल्फ डार्नेल’ १७५७ आणि ‘सीता’ १८५७ या सालांभोवती रचून शंभर-शंभर वर्षांच्या अंतराने तीन कादंबऱ्या लिहायची योजना त्याने पार पाडली. डिकन्स-ब्राँटेच्या मानाने टेलरच्या पहिल्या आवृत्त्यांना मागणी कमी आहे. मराठी संग्राहकाने मात्र सुरुवात ‘तारा’पासून करावी, कारण तुळजापूरच्या देवळाच्या पायऱ्या चढलेल्या वाचकाला त्या तीन खंडांत जे सापडेल ते लंडनच्या गिऱ्हाइकाला सापडणार नाही.

कोल्हापूर संस्थानात इंग्रजी पुस्तके आली ती दरबार, शाळा-कॉलेज आणि वाचनालय या वाटांनी. आजचे करवीर नगर वाचन मंदिर हे १८५० मध्ये ‘नेटिव्ह लायब्ररी’ म्हणून उभे राहिले. पुण्याच्या अशाच संस्थेनंतर दोनच वर्षांनी ते सुरू झाले. कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरला दत्तक गेलेले शाहू महाराज आणि त्यांचे बंधू पिराजीराव यांचे शिक्षण राजकोटला आणि मग धारवाडला शिक्षक फ्रेझर यांच्या हाताखाली इंग्रजीत झाले. याच पिराजीरावांच्या नावाचा तलाव वेदगंगेकाठच्या मुरगूडजवळ आहे. मुरगूड, कागल, निपाणी या पट्ट्यात जुन्या वाड्यातून किंवा शाळेच्या कपाटातून एखादी इंग्रजी कादंबरी निघालीच, तर ती लंडनची पहिली आवृत्ती असण्यापेक्षा वसाहतींसाठी काढलेली स्वस्त आवृत्ती असण्याचा संभव जास्त. मॅकमिलनने १८८६ मध्ये वसाहतींसाठी अशी ग्रंथमालिकाच सुरू केली. हिंदुस्थान आणि वसाहतींबाहेर विक्री नाही, अशी सूचना या पुस्तकांवर असे. काही वेळा लंडनच्या आवृत्तीचेच छापील ताव वापरून ही पुस्तके बांधली जात. युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांनी त्यांना दीर्घकाळ दुय्यम मानले. आपल्या वाचनाच्या इतिहासासाठी मात्र कोऱ्या राहिलेल्या लंडनच्या प्रतीहून गावच्या वाचनालयाचा शिक्का आणि मागच्या पानावर परतीच्या तारखा असलेली अशी प्रत अधिक मोलाची आहे.

इथे सर्वांत जास्त वाचल्या गेलेल्या इंग्रजी कादंबरीकारांत जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स होता. लंडनमध्ये पेनीला एक अंक या दराने विकला जाणारा हा लेखक तिथल्या प्रतिष्ठित समीक्षेने बाजूला ठेवला होता. हरि नारायण आपट्यांची १८८५ ची ‘मधली स्थिती’ त्याच्याच कादंबरीचा आधार घेऊन लिहिलेली आहे.

मराठी कादंबरीही व्हिक्टोरियाकाळातलीच. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८६७ पासून ‘विविधज्ञानविस्तारा’त येत राहिली आणि १८७१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली आणि १८९३ मध्ये तिचे पुस्तक झाले. मग पहिली आवृत्ती कोणती म्हणायची, अंक की पुस्तक? ग्रंथसूचीकार पुस्तकालाच पहिली आवृत्ती म्हणतो, आणि नोंदीसाठी ते बरोबर आहे. पण वाचकांनी कादंबरी आधी अंकांतून वाचली. म्हणून ‘करमणूक’चे सलग अंक मिळाले तर त्यांना पुस्तकाच्या बरोबरीचा मान द्यायला हवा. प्रत्यक्षात असे सलग अंक मिळणे फार अवघड. साप्ताहिकाचा कागद पातळ, आणि वाचून झालेला अंक वाण्याकडे पुड्या बांधायला जाणार.

कोल्हापूरचा या इतिहासातला वाटा विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या ‘ग्रंथमाला’ या मासिकाचा. राजाराम कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या विजापूरकरांनी १८९४ मध्ये ते सुरू केले आणि पुढची सुमारे बारा वर्षे त्यातून अनेक पुस्तके क्रमाक्रमाने वाचकांपर्यंत पोचवली. वि. का. राजवाडे यांचा ‘कादंबरी’ हा निबंध १९०२ मध्ये ‘ग्रंथमाले’तच आला. मराठी कादंबरीचा आणि तिच्यावरच्या परदेशी प्रभावाचा इतका सडेतोड विचार त्याआधी कोणी केला नव्हता. मूळ अंकाच्या रूपात हा निबंध जिथे शिल्लक असेल, तिथे तो कादंबऱ्यांच्याच रांगेत जपून ठेवण्याजोगा आहे.

इंग्रजी पुस्तकांच्या बाबतीत इंग्लंडमध्ये जे काम हौशी सूचीकारांनी केले, त्याचा पाया इकडे १८६७ च्या छापखाने आणि पुस्तक नोंदणी कायद्याने घातला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारला द्याव्या लागत आणि दर तिमाहीला यादी निघे. पुस्तकाचे नाव, भाषा, कर्ता, छपाईचे ठिकाण, पानांची संख्या, आकार, आवृत्ती कितवी, प्रती किती छापल्या, शिळाप्रेसवर की खिळ्यांवर, किंमत किती, हे सारे त्यात असे. हेतू लोकांच्या लेखनावर नजर ठेवण्याचा होता. त्यातून संशोधकाला मिळालेला खजिना मात्र अस्सल आहे. सरकारकडे आलेल्या पुस्तकांतली कितीतरी लंडनच्या इंडिया ऑफिसात पोचली. आज मराठीतले एखादे पुस्तक इथे सापडत नाही आणि ब्रिटिश लायब्ररीत सापडते, याचे एक कारण हेच. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची जी ‘मराठी ग्रंथसूची’ एकहाती रचली, ती हाताशी घेतल्याशिवाय मराठी पहिल्या आवृत्तीबद्दल काही बोलू नये.

लिलावाची बाजू मात्र जवळजवळ सगळी पश्चिमेकडची. पुस्तकांचा लिलाव करणारे सदबीज हे घर १७४४ पासूनचे आहे. व्हिक्टोरियाकाळातल्या कादंबऱ्यांना मोठे भाव आले ते विसाव्या शतकात. संगीतकार जेरोम कर्न यांच्या संग्रहाचा लिलाव जानेवारी १९२९ मध्ये न्यूयॉर्कला झाला. त्यात सतरा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली आणि ‘पिकविक’चा भागांचा एक संच अठ्ठावीस हजारांना गेला. त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि हे भाव कित्येक वर्षे परत दिसले नाहीत. मायकेल सॅडलर यांनी नावाजलेल्यांबरोबर विस्मृतीत गेलेल्या कादंबरीकारांचीही पुस्तके मूळ बांधणीत गोळा केली आणि १९५१ मध्ये त्यांची दोन खंडांची सूची प्रसिद्ध केली. भावाच्या मागे न लागता एका काळाची सगळी कादंबरी नजरेसमोर आणायची, हे सॅडलर यांचे धोरण मराठी संग्राहकाने उचलावे असे आहे.

भाव वाढले तशा बनावट प्रतीही आल्या. टॉमस वाइज हा स्वतः नावाजलेला सूचीकार. त्याने एलिझाबेथ ब्राउनिंग यांच्या सुनीतांची ‘१८४७’ सालाची पुस्तिका खरी म्हणून खपवली. १९३४ मध्ये कार्टर आणि पोलार्ड या दोघांनी त्याच्या अशा अनेक पुस्तिकांचा कागद तपासला. काहींत एस्पार्टो गवताचा लगदा निघाला, काहींत रसायनाने काढलेला लाकडाचा. पहिला इंग्लंडात १८६१ च्या सुमारास आणि दुसरा १८७४ च्या सुमारास वापरात आला होता, म्हणजे छापलेले साल खोटे. शीर्षकपृष्ठावरचे साल हा पुरावा नसून दावा आहे, हे या प्रकरणानंतर पुस्तकविक्रेत्यांना कायमचे पटले.

पावसाचे चार महिने ओलीत काढणाऱ्या वेदगंगेच्या खोऱ्यात पुस्तकाचे खरे शत्रू वाळवी आणि कसर. वेखंड, कडुनिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या हे जुने उपाय अजून चालतात. पण सर्वांत जास्त नुकसान नव्या बांधणीने केले. बाइंडर फाटकी पाठ काढतो, मूळ वेष्टन टाकून देतो, तिन्ही कडा यंत्रावर कापून सरळ करतो आणि रेक्झिनचा पुठ्ठा लावतो. वाचनालयाच्या दृष्टीने पुस्तक टिकले, पहिली आवृत्ती म्हणून त्याचे मोल बरेचसे गेले. आता जिथे मूळ वेष्टन शिल्लक आहे, तिथे पुस्तक न कापता खोक्यात ठेवावे.

विक्रीचा प्रश्न आला तर कायदाही बघावा लागतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने पंचाहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित, दप्तर वा इतर दस्तऐवज परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाहीत. आपट्यांच्या काळातल्या लेखकाचे हस्ताक्षर असलेला एखादा कागद पुस्तकात निघाला, तर तो परदेशी लिलावाला पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी लागते.