हापशाची जन्मकथा

धाराशिव जिल्ह्यातल्या गावात शिरलात, की शाळेजवळ नाहीतर देवळापाशी हापसा दिसतो. खनिजसंपत्तीचा धडा शिकवताना आपण कोळसा आणि लोखंडाची नावे घेतो. या जिल्ह्यात मात्र जमिनीतून काढायची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे पाणी, आणि तेही खडकातूनच काढावे लागते.

हा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर. वरच्या मुरमात आणि मांजऱ्यात पाणी मुरते. खालच्या काळ्या पाषाणात ते फक्त भेगांमध्ये सापडते. पहार आणि सुरुंग घेऊन विहीर खोदणाऱ्यांना पाषाण लागला, की काम महिनोन् महिने रेंगाळे. १९७२ च्या दुष्काळात उथळ विहिरी आटल्या. तेव्हा लातूरही याच जिल्ह्यात होते.

उपाय मिळाला तो खाणींच्या तंत्रातून. सुरुंगाची भोके पाडण्यासाठी एक हातोडा वापरात होता. दाबलेल्या हवेवर चालणारा हा हातोडा भोकाच्या तळाशी जाऊन ठोके देतो, म्हणून खोलीबरोबर ठोक्याचा जोर कमी होत नाही. बिहारच्या दुष्काळात, १९६७ मध्ये, युनिसेफने अशी यंत्रे भारतात आणली. पुढे ती महाराष्ट्रातही आली. महिन्यांचे काम एक-दोन दिवसांवर आले.

पण नुसती बोअर पाडून भागेना. तिच्यावर बसवलेले बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी बनलेले होते, आणि इथे ते दिवसभर शेकडो हातांनी हापसले जात. १९७४ च्या पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद आढळले. पाणी होते, पण ते वर येत नव्हते.

याचे उत्तर शेजारीच तयार होत होते. जालन्यात मिशनच्या कार्यशाळेत आणि सोलापुरात ऑस्कर कार्लसन या स्वीडिश तंत्रज्ञाच्या हाताखाली मजबूत पोलादी पंप घडले. सोलापूरच्या पंपाचा दांडा एकाच आसावर फिरे आणि सळई साखळीला टांगलेली असे. त्यामुळे ती सरळ वर-खाली होई व सांधे कमी झिजत. याच आधारावर युनिसेफ, सरकारी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास यांनी ‘इंडिया मार्क दोन’ घडवला. १९७७-७८ पासून त्याचे मोठे उत्पादन सुरू झाले. आराखडा सर्वांना खुला ठेवल्याने अनेक कारखान्यांनी तो बनवला.

कथा इथेच संपत नाही. हापसणारा हात थकतो, विजेचा पंप थकत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी आलेले यंत्र शेतोशेती पोचले आणि बोअर खोल खोल गेल्या. पाषाणात साठा मात्र थोडाच. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले.

खाणीतला कोळसा पुन्हा भरून येत नाही. पाणी पावसाने भरून येते, पण मुरेल तेवढेच. मुलांना गावातल्या एका विहिरीची पातळी दिवाळीत आणि मे महिन्यात मोजायला सांगा. दोन-चार वर्षांच्या नोंदी शेजारी मांडल्या, की गावाचा पाण्याचा जमाखर्च त्यांचा त्यांनाच वाचता येईल.