अर्जित रजा

अर्जित रजा : नोकरीत काढलेल्या काळाच्या प्रमाणात कर्मचाऱ्याच्या खात्यावर जमा होणारी पूर्ण पगारी रजा. कचेरीच्या बोलीत तिला ‘ईएल’ म्हणतात. महाराष्ट्रातील सरकारी व निमसरकारी सेवेत ही रजा कुठे शासनाच्या नियमाने मिळते, कुठे कामगार कायद्याने आणि संघटनेच्या कराराने. रायगड जिल्ह्यातील महाड येथे तहसील कार्यालय, पंचायत समिती, नगरपरिषद, एसटीचे आगार आणि औद्योगिक वसाहत ही सर्व एकाच पंचक्रोशीत असल्यामुळे हे फरक तेथे जवळून दिसतात.

पूर्वपीठिका : आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३६ साली पगारी सुट्टीविषयीचा ५२ क्रमांकाचा करार स्वीकारला. त्यात वर्षभराच्या सलग सेवेनंतर किमान सहा कामाचे दिवस पगारी सुट्टी असावी, असे ठरले. भारतातील कारखाना कामगारांना हा लाभ देणारे विधेयक व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूरमंत्री (१९४२–४६) डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४४ साली मध्यवर्ती विधिमंडळात मांडले. १९४५ मध्ये त्याचा कायदा झाला. बारमाही कारखान्यांतील प्रौढ कामगाराला वर्षाच्या सेवेनंतर १० दिवस आणि बालकामगाराला १४ दिवस पगारी सुट्टी देणे मालकावर बंधनकारक ठरले. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढांसाठी २० दिवसांच्या कामामागे १ दिवस हे प्रमाण घातले.

याच डॉ. आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाणी पिऊन सत्याग्रह केला होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच ठराव करून तळे सर्वांना खुले केले होते. हक्क ठरावात होता, ओंजळीत नव्हता. तळ्याच्या वादावर उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. कागदावरचा हक्क आणि हाती आलेला हक्क यांतील हे अंतर रजेच्या नियमांतही वेगळ्या रूपात भेटते.

नियम व हिशोब : राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ लागू आहेत. जिल्हा परिषद व नगरपरिषदांच्या कायम कर्मचाऱ्यांची रजाही बहुतांशी याच धर्तीवर चालते. वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळते. ती १ जानेवारी आणि १ जुलै या दोन तारखांना प्रत्येकी १५ दिवस अशी आगाऊ जमा होते. आधीच्या सहामाहीत असाधारण, म्हणजे बिनपगारी रजा घेतली असेल, तर तिच्या एक दशांश इतके दिवस या जमेतून वजा होतात. शिल्लक जास्तीत जास्त ३०० दिवसांपर्यंत साठते. मर्यादा गाठल्यावर जमा होणारे दिवस त्या सहामाहीत वापरले नाहीत तर बुडतात. सगळा हिशोब सेवापुस्तकाला जोडलेल्या रजा लेख्यात आस्थापना लिपिक लिहितो.

रजेच्या मधे येणारे रविवार व सण रजेतच मोजले जातात. मागेपुढे येणाऱ्या सुट्ट्या मात्र परवानगीने जोडून घेता येतात. राज्य शासनाच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. सोमवार ते शुक्रवार पाच दिवस रजा टाकली की दोन्हीकडचे शनिवार-रविवार धरून गणपतीला नऊ दिवस घरी राहता येते, आणि खात्यातून पाचच दिवस जातात.

अर्जित रजेखेरीज वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. आजारपणात वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती पूर्ण पगारी, म्हणजे परावर्तित करून घेता येते; मात्र घेतलेल्या प्रत्येक दिवसामागे खात्यातून दोन दिवस वजा होतात. वर्षाला मिळणारी ८ दिवसांची नैमित्तिक (किरकोळ) रजा या खात्यात मोडत नाही व साठतही नाही. दीर्घ सुट्टी उपभोगणाऱ्या शिक्षकांना ३० दिवसांचे सर्वसाधारण प्रमाण लागू होत नाही.

मंजुरी : रजा कमावलेली असली तरी ती हक्क म्हणून मागता येत नाही, हे १९८१ च्या नियमांतील दहाव्या नियमाने स्पष्ट केले आहे. सेवेच्या निकडीपोटी अधिकारी रजा नाकारू शकतो किंवा मंजूर रजा रद्द करू शकतो. मात्र मागितलेल्या रजेचा प्रकार परस्पर बदलू शकत नाही. महाड-पोलादपूर भागात ही निकड बहुधा पावसाळ्यात उभी राहते. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराखाली गेले आणि त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळली. अशा वेळी महसूल, आरोग्य आणि नगरपरिषदेच्या कर्मचाऱ्यांची रजा लांबणीवर पडते. सत्याग्रहाच्या स्मृतीसाठी चवदार तळ्यावर मोठी गर्दी होणारा २० मार्च हाही नगरपरिषदेच्या दृष्टीने रजेचा नव्हे, कामाचा दिवस असतो.

रोखीकरण : सेवानिवृत्तीच्या दिवशी शिल्लक असलेल्या अर्जित रजेचे, कमाल ३०० दिवसांपर्यंत, रोखीने पैसे मिळतात. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या बेरजेला ३० ने भागून शिल्लक दिवसांनी गुणले जाते. घरभाडे भत्ता धरला जात नाही. ही बेरीज ६०,००० रुपये आणि शिल्लक २४० दिवस असल्यास रक्कम ४,८०,००० रुपये होते. त्यामुळे बरेच जण किरकोळ रजेवर वेळ भागवतात आणि ईएल म्हातारपणाची पुंजी म्हणून राखतात. विसाव्यासाठी असलेली रजा अशा रीतीने बचतीचे साधन बनली आहे.

संघटनांची भूमिका : शासकीय कर्मचाऱ्यांची रजा संघटनेशी केलेल्या करारातून येत नाही. राज्यघटनेच्या ३०९ व्या अनुच्छेदाखालील नियम आणि शासन निर्णय यांनी ती ठरते. राज्य सरकारी कर्मचारी मध्यवर्ती संघटनेसारख्या संघटना निवेदने, चर्चा आणि प्रसंगी संप या मार्गांनी त्यावर प्रभाव पाडतात. र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखालील १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप आणि जुन्या निवृत्तिवेतनासाठीचा मार्च २०२३ चा संप हे त्यांतील ठळक होत. संप मिटताना ते दिवस रजेत धरायचे की बिनपगारी, हा वाटाघाटीतला हमखास मुद्दा असतो.

एसटीचे चालक-वाहक मात्र शासनाचे नव्हे, राज्य परिवहन महामंडळाचे नोकर आहेत. त्यांच्या रजेला मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने पाया घातला : वर्षात २४० दिवस काम केलेल्यास २० दिवसांमागे १ दिवस. त्यावरच्या सवलती मान्यताप्राप्त संघटनेच्या करारातून येतात. शासकीय कर्मचाऱ्यांचा दर्जा व लाभ मिळावेत, यासाठी शासनात विलीनीकरणाची मागणी २०२१-२२ च्या दीर्घ संपात पुढे आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनी पगारी रजेच्या पात्रतेची अट २४० वरून १८० दिवसांवर आणली.

ठेकेदारामार्फत काम करणारे सफाई कामगार सार्वजनिक काम करीत असले तरी १९८१ च्या नियमांच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांच्या नावे सेवापुस्तक नसते, रजा लेखा नसतो व निवृत्तीच्या वेळी रोखीकरणही होत नाही.