आधी मुक्काम, मग विद्या

पाणचक्कीच्या जात्यावर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात उतरलेल्या फकिरांचे व यात्रेकरूंचे पीठ दळले जाई, ही गोष्ट औरंगाबादेत प्रत्येक प्रवाशास ऐकावयास मिळते. परंतु उपदेशाच्या आधी मुक्कामाची आणि शिध्याची तजवीज करावी लागते, हे त्या व्यवस्थेतील शहाणपण सांगावयाचे राहूनच जाते.

याच शहरातील विद्येच्या बाबतीतही तेच. निजामाच्या अमलात मराठवाड्यातील विद्यार्थ्यास पदवीसाठी बहुधा हैदराबाद गाठावे लागे, आणि तेथे उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. 1948 च्या सप्टेंबरात ती हुकूमत संपली आणि जून 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादच्या छावणीतील लष्करी बराकींत महाविद्यालयाचे वर्ग भरविले. मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालयही 1946 मध्ये असेच बराकींतून निघाले होते. इमारतीची वाट पाहत बसणे बाबासाहेबांना मानवणारे नव्हते. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी औरंगाबादच्या इमारतीची कोनशिला बसविली, आणि पुढे महाविद्यालयास 'मिलिंद' व परिसरास 'नागसेनवन' ही नावे मिळाली.

तथापि बीड-परभणीकडच्या खेड्यातून पत्र्याची पेटी आणि गोधडीची वळकटी घेऊन उतरलेल्या दलित मुलापुढे प्रवेशापेक्षा बिऱ्हाडाचा प्रश्न बिकट असे. शहरातील वाड्यात खोली रिकामी असली तरी मालक आधी गाव विचारी, मग आडनाव विचारी, आणि तेवढ्यानेही उमज पडला नाही तर 'कुणापैकी?' असा उघड प्रश्न टाकी. उत्तर मिळताच ती खोली कालच दुसऱ्यास दिल्याचे निष्पन्न होई! वार लावून जेवण्याची जी चाल गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यास तारून नेई, तिचा या मुलास काडीचा उपयोग नव्हता. म्हणून नागसेनवनात वसतिगृह ही महाविद्यालयाची पुरवणी नव्हती; ते नसते तर वर्गांतील कित्येक बाके रिकामीच राहिली असती, असे माझे मत आहे.

23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, विद्यार्थी वाढले, खोल्या मात्र त्या मानाने वाढल्या नाहीत. एकाच्या नावावरील खोलीत दुसऱ्याने चोरून राहावे, वसतिगृहाच्या बोलीत त्यास 'पॅरासाइट' म्हणावे, आणि त्याला ठेवून घेणारा बहुधा त्याच्याच तालुक्यातला निघावा, हा प्रकार महाराष्ट्रातील विद्यापीठांत सर्वपरिचित आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारने 2016-17 पासून स्वाधार योजना आणली. तीत औरंगाबादच्या दर्जाच्या शहरासाठी वर्षाला 51,000 रुपये ठरविले गेले आणि त्यांतील निवासाचा वाटा 15,000, म्हणजे महिन्यास 1,250 रुपये. तेवढ्या रकमेत स्वतंत्र खोली कोठली? कॉट बेसिसवर, चौघांच्या खोलीत एक पलंग शोधावा लागतो, आणि अर्जासोबत त्याचाच भाडेकरार जोडावा लागतो.