वीणा, तंबोरा आणि मायक्रोफोन : सूर मोजण्याची आठशे वर्षे

१/ दिवाणखान्यातील पडद्यावर आडव्या पट्ट्या सरकत असतात. गाणाऱ्याचा आवाज पट्टीवर बसला की गुण वाढतात, घसरला की गुण थांबतात. गाण्याच्या व्हिडिओ गेममध्ये कमी गुण मिळालेला तरुण बहुधा एकच निष्कर्ष काढतो : 'आपल्याला गळा नाही.' हा निकाल देणारी मोजपट्टी किती अचूक आहे, याचा शोध घेण्यासाठी हा थ्रेड.

२/ २००३ मध्ये 'कराओके रेव्होल्यूशन' आणि २००४ मध्ये 'सिंगस्टार' हे खेळ प्लेस्टेशन २ वर आले. त्यांतील यंत्र आवाजाची सेकंदाला होणारी कंपने मोजते आणि ती मूळ गाण्याच्या स्वराशी ताडून पाहते. सप्तकाचा भेद मानला जात नाही. २४० कंपनांचा षड्ज आणि ४८० कंपनांचा तार षड्ज यंत्राला सारखेच. शब्दांकडेही त्याचे फारसे लक्ष नसते. नुसते गुणगुणले तरी गुण मिळतात.

३/ संगणकावरील 'अल्ट्रास्टार डिलक्स' या मोफत खेळात तीन पातळ्या आहेत. सोप्या पातळीवर स्वर दोन अर्धस्वरांनी चुकला तरी चालतो, मध्यम पातळीवर एका अर्धस्वराने. अवघड पातळीवर सूट नाही. तथापि तेथेही यंत्र आवाजाला जवळच्या अर्धस्वरात ढकलून मगच तुलना करते. म्हणजे अर्ध्या अर्धस्वराची चूक अवघड पातळीवरही माफच असते.

४/ ही चूक आकड्यात मांडण्याची सोय १८८५ मध्ये झाली. इंग्रज अभ्यासक अलेक्झांडर एलिस यांनी एका सप्तकाचे १२०० भाग कल्पिले आणि प्रत्येक भागाला 'सेंट' म्हटले. पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधील अंतर १०० सेंट. या हिशेबाने खेळाच्या अवघड पातळीवर स्वर ५० सेंट वर किंवा खाली गेला तरी तो बरोबर ठरतो. हा ५० चा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

५/ आता वाशिमकडे वळू. प्राचीन वत्सगुल्म ते हेच. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन प्राकृत कवी होता. पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच वत्सगुल्मात लावून दिला. विदर्भातील हे नगर भारतीय साहित्यशास्त्राच्या स्मृतीत असे कोरले गेले आहे.

६/ वत्सगुल्माचे वैभव काव्याचे. स्वराच्या मोजमापाचा धागा मात्र तेराव्या शतकात, वऱ्हाड यादवांच्या राज्यात असताना, त्यांच्या राजधानीत सापडतो. देवगिरीला सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आलेले, वडील सोढल यादवांच्या सेवेत. शार्ङ्गदेव स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा अधिकारी. या हिशेबनिसाने 'संगीतरत्नाकर' लिहिला.

७/ सप्तकात २२ श्रुती असतात, हे त्याच्याही पूर्वी भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त आले होते. शार्ङ्गदेवाने ते पडताळण्याची रीत सांगितली. दोन सारख्या वीणा, प्रत्येकीला २२ तारा. पहिली तार शक्य तितकी खाली लावायची, दुसरी तिच्याहून किंचित वर. इतकी किंचित, की दोहोंच्या मध्ये तिसरा ध्वनी ऐकू येऊ नये. असेच शेवटच्या तारेपर्यंत.

८/ मग एक वीणा अचल ठेवायची आणि दुसरी टप्प्याटप्प्याने उतरवत जायची. उतरवलेल्या वीणेचा कोणता स्वर अचल वीणेच्या कोणत्या स्वराला मिळतो, यावरून स्वरांमधील श्रुतींची संख्या कळते. येथे ना घड्याळ, ना आकडे. मोजणारे उपकरण एकच, तयार झालेला कान. तरीही प्रयोग असा रचला आहे की तो दुसऱ्याला करून पाहता यावा.

९/ १२०० सेंटना २२ ने भागले, तर एका श्रुतीच्या वाट्याला सरासरी सुमारे ५४.५ सेंट येतात. सगळ्या श्रुती समान आहेत की नाहीत, हा विद्वानांचा जुना वाद; ही केवळ सरासरी. तरी तुलना बोलकी आहे. खेळाची सर्वांत अवघड पातळी जेवढी चूक पोटात घालते, ती जवळजवळ एका श्रुतीएवढी आहे.

१०/ शार्ङ्गदेव याला माफी देत नाही. 'संगीतरत्नाकरा'त गायकाचे २५ दोष दिले आहेत. त्यांत 'विकल' नावाचा एक दोष आहे : स्वरांच्या श्रुती कमी किंवा जास्त करून गाणारा. म्हणजे पडद्यावर पूर्ण गुण मिळवणारा गायक देवगिरीच्या दरबारात सदोष ठरू शकला असता.

११/ त्या यादीत गाणाऱ्याच्या शरीराकडे आणि मनाकडे बारीक लक्ष आहे. दात आवळून गाणारा, भीत भीत गाणारा, आवाज थरथरणारा, नाकात गाणारा, डोळे मिटून गाणारा, लक्ष नसलेला. प्रत्येकाला स्वतंत्र नाव. यांतील पुष्कळसे दोष सवयीचे आहेत, जन्माचे नव्हेत. गुणफलकावरचा आकडा मात्र चूक झाली एवढेच सांगतो. ती आवळलेल्या जबड्यामुळे झाली की भीतीमुळे, हे सांगत नाही.

१२/ सुमारे सात शतकांनंतर हाच प्रश्न सांगली-मिरज परिसरात पुन्हा उभा राहिला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींचे गणित मांडण्याचा ध्यास घेतला. त्यांना साथ मिळाली किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची. गायकाने स्वर लावावा आणि अभ्यासकाने तो मोजावा, अशी ही जोडी. देवल यांचे २२ श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले.

१३/ वाद किती सूक्ष्म अंतराचा होता? शुद्ध गणिती प्रमाणांनी कोमल ऋषभाच्या दोन जागा निघतात : षड्जापासून सुमारे ९० सेंटवर एक आणि सुमारे ११२ सेंटवर दुसरी. फरक अवघा २२ सेंटचा. पेटीवर दोहोंसाठी एकच पट्टी, १०० सेंटची. गाण्याच्या खेळालाही हा फरक दिसत नाही; त्याच्या लेखी दोन्ही एकच.

१४/ सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी देवलांच्या कामाच्या आधारे श्रुतींची खास पेटी घडवून घेतली. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेथे ही पेटी विद्वानांपुढे आली आणि मतभेद उफाळले. पं. विष्णू नारायण भातखंडे प्रचलित रागसंगीताची मांडणी बारा स्वरांवर करत होते; प्राचीन २२ श्रुती आजच्या गायनावर जशाच्या तशा लादणे त्यांना मान्य नव्हते.

१५/ पट्ट्या वाढवल्या तरी एक अडचण उरतेच. पट्टीचा स्वर जागच्या जागी उभा राहतो. गळ्याचा स्वर चालतो. मींड एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाते. शार्ङ्गदेवानेच गमकाचे १५ प्रकार सांगितले आहेत. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, त्यामागील आक्षेपांत हाही एक होता. ती बंदी १९७१ मध्ये सैल होऊ लागली.

१६/ खेळातील यंत्राची मर्यादा हीच. दरबारी कानड्यातील कोमल गंधार आंदोलित असतो; एका जागी गोठला तर राग हरवतो. पडद्यावरची सपाट पट्टी या आंदोलनाला चूक ठरवील. म्हणून स्थिर स्वर तपासण्यापुरते यंत्र विश्वासाचे. चालत्या स्वराचा न्याय त्याच्याकडे मागू नये.

१७/ एक विलक्षण गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. सेंट हे माप देणाऱ्या एलिस यांचा स्वतःचा कान स्वरांच्या बाबतीत कच्चा होता, आणि ते त्यांना ठाऊक होते. वाद्यांचे स्वर पारखताना ते आल्फ्रेड हिपकिन्स या जाणकाराच्या कानावर विसंबले. आधुनिक मोजपट्टीच्या मुळाशीही दुसऱ्या कुणाचा तयार कान उभा आहे.

१८/ कान तयार करण्याचे आपल्याकडील साधन म्हणजे तंबोरा. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे काम समजायला सोपे आहे. तारेचा स्वर २४० कंपनांचा आणि गळ्याचा २४३ चा असेल, तर एकत्रित नाद सेकंदाला तीन वेळा कमी-जास्त होत डोलतो. गळा मिळत जातो तसे डोलणे मंदावते, आणि सूर जुळला की थांबते. चूक ऐकू येते आणि त्याच श्वासात सुधारता येते.

१९/ खेळात चूक आधी मोजली जाते, मग पडद्यावर दिसते. डोळ्यांनी ती टिपेपर्यंत पुढचा स्वर आलेला असतो. म्हणून सुधारणेचा मार्ग पडद्याबाहेरून जातो. गावोगावच्या भजनात पेटीवाला आधी 'काळी दोन की काळी चार?' असे विचारून गायकाची पट्टी ठरवतो. तसे आधी आपली पट्टी शोधावी. तंबोऱ्यावर, किंवा फोनमधील तंबोऱ्यावर, दीर्घ षड्ज लावावा. मग पंचम, मग बाकीचे स्वर. गाण्याची ओळ आधी ऐकावी, हलकेच गुणगुणावी, शेवटी माइक हाती घ्यावा. मूळ गाणे फार उंच असेल तर खालच्या सप्तकात गावे. खेळ सप्तक पाहत नाही, याचा लाभ घ्यावा.

२०/ वीणा, पेटी आणि मायक्रोफोन या तिन्ही मोजपट्ट्या माणसाने घडवल्या आणि तिघींच्या मर्यादा वेगळ्या. शार्ङ्गदेवाची पट्टी आजच्या खेळाहून कठोर होती. पण ती दोषाला नाव देत होती, म्हणून त्यावर उपाय शोधता येत होता. वाशिममधल्या एखाद्या घरात आज रात्री कुणाला कमी गुण मिळाले, तर त्याचा अर्थ एवढाच की आवाज काही सेंट इकडेतिकडे गेला. तो नेमका कुठे गेला, हे तंबोऱ्यापाशी बसून ऐकता येते. 'गळा नाही' हे मात्र त्या आकड्यातून सिद्ध होत नाही.

(थ्रेड समाप्त)