गोदातीरचे पंडित आणि शूद्राचा धर्म

धर्म म्हणजे ‘रिलिजन’ नव्हे; धर्म म्हणजे कर्तव्य, सदाचार, समाजाची धारणा करणारे तत्त्व, असे प्रतिपादन व्याख्यानांतून आणि लेखांतून वारंवार केले जाते. त्यासाठी ‘धृ’ या धातूचा दाखला दिला जातो. शेजारधर्म, पुत्रधर्म, राजधर्म हे मराठीतील शब्दही पुराव्यादाखल पुढे येतात. हिंदू विचारातील धर्म मुळात इतका उदार असताना बाबासाहेबांनी तो का सोडला, असा प्रश्न शेवटी विचारला जातो आणि तो आपल्या तरुणांना निरुत्तर करतो, असे आमच्या पाहण्यात आले आहे. व्युत्पत्तीशी आमचे भांडण नाही. धर्मशास्त्रकार या शब्दाचा अर्थ कसा लावीत आणि तो अर्थ लावणारी घराणी कोणत्या भूमीतली होती, एवढेच आम्ही येथे पाहणार आहोत. ही भूमी वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. ती नांदेड, लातूर आणि पैठणच्या परिसरातली आहे.

प्रथम प्रतिपक्षाचे सर्वांत बलवान प्रमाण घेऊ. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात त्रेसष्टावा श्लोक आहे. अहिंसा, सत्य, अस्तेय, शौच आणि इंद्रियनिग्रह हा चारही वर्णांचा समान धर्म होय, असे तो सांगतो. याज्ञवल्क्यस्मृतीत ही यादी अधिक मोठी आहे. तीत दान, दया आणि क्षमाही येतात. पंचशीलाशी हे किती जुळते, असे कोणालाही वाटेल. प्राणिहिंसा आणि चोरी यांपासून दूर राहणे, खोटे न बोलणे, ही शीले येथे आहेतच, हे आम्ही मान्य करतो.

परंतु श्लोक एकटा वाचायचा नसतो. त्याच अध्यायात मागे सातच श्लोक गेले की चांडाळाच्या जीवनाचे नियम लागतात. त्याने गावाबाहेर राहावे, फुटकी भांडी वापरावीत, प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, लोखंडाचे दागिने घालावेत. ग्रंथकाराला हे सांगून झाल्यावर थोड्याच अंतरावर अहिंसा सांगताना काहीही अडखळल्यासारखे झाले नाही. दोन्ही गोष्टी त्याच्या दृष्टीने धर्मच होत्या. या दोहोंत विरोध कसा वाटत नव्हता, हे समजले म्हणजे धर्म या शब्दाचे शास्त्रीय रूप समजते.

त्याची गुरुकिल्ली मीमांसेत आहे. जैमिनीच्या मते धर्म वेदाच्या विधिवाक्यांनी कळतो. माणसाच्या अंतःकरणाने किंवा अनुभवाने कळत नाही. विधी आला की तो कोणासाठी, हा प्रश्न येतो. त्याला ‘अधिकार’ म्हणतात. जैमिनीसूत्रांच्या सहाव्या अध्यायात शूद्राला वैदिक यज्ञाचा अधिकार आहे काय, याची रीतसर चर्चा आहे. बादरी नावाच्या आचार्यांचे मत तेथे नोंदलेले आहे की कर्म सर्वांसाठी आहे, म्हणून अधिकारही सर्वांना असावा. हे मत खोडून काढले गेले. मात्र रथकाराला अग्न्याधानाची आणि निषादांच्या प्रमुखाला एका इष्टीची मोकळीक, वचन सापडल्यामुळे, नाव घेऊन दिलेली आहे. बादरींचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, घ्यायला हवे. त्या परंपरेच्या पोटातही वेगळा आवाज उठला होता आणि तो विचारपूर्वक नाकारला गेला, ही इतिहासाची महत्त्वाची नोंद आहे.

दुसरा नियम असा की सामान्य विधी आणि विशेष विधी यांत विशेष बलवत्तर. हिंसा करू नये हा सामान्य नियम. यज्ञात पशू मारणे हा विशेष विधी, म्हणून यज्ञातली हिंसा ही हिंसाच नव्हे. उत्तरकांडातील शंबूकाची कथा याच तर्काने चालते. तप हे सामान्यतः पुण्यकर्म. तेच शूद्राने केले की अधर्म, आणि तो अधर्म इतका मोठा की त्याचे शिर उडविणे हा राजाचा धर्म ठरतो. महाभारतातल्या धर्मव्याधाचे उदाहरण याविरुद्ध पुढे केले जाते. मांस विकणारा व्याध ब्राह्मणाला धर्म सांगतो, ही कथा खरोखर सुंदर आहे. पण तो व्याधही आपला धंदा कुलपरंपरेने आला म्हणून सोडीत नाही, हे कथाच सांगते.

आता आपल्या भूमीकडे येऊ. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या (इ. स. १०७६ ते ११२६) काळात लिहिली. ही कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. आज ते लातूर जिल्ह्यात आहेत. विज्ञानेश्वराने आरंभीच धर्माचे सहा प्रकार सांगितले आहेत: वर्णधर्म, आश्रमधर्म, वर्णाश्रमधर्म, गुणधर्म, निमित्तधर्म आणि साधारणधर्म. सहावा तो सर्वांचा. आणि विज्ञानेश्वर स्पष्ट म्हणतो की अहिंसेचा हा धर्म चांडाळापर्यंत सर्वांना लागू आहे.

या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबावे. चांडाळ धर्माबाहेर होता, असे आपण सरसकट म्हणतो. मिताक्षरा तसे म्हणत नाही. चोरी न करण्याचे, हिंसा न करण्याचे बंधन त्याच्यावर आहे. त्याला नाही ते पाणवठ्याचे, विद्येचे, मंत्राचे दार. साधारणधर्म बंधन सर्वांवर समान घालतो. अधिकार मात्र वर्णधर्म वाटून देतो. म्हणूनच साधारणधर्माचे कितीही श्लोक दाखविले तरी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यातून मिळत नव्हते. हा मिताक्षरेचा वारसा केवळ पोथीत राहिला नाही. इंग्रजी अमलात वारसाहक्काच्या दाव्यांत पक्षकार शूद्र की द्विज, हे न्यायालयांना खरोखर ठरवावे लागे, कारण दासीपुत्राचा वाटा त्यावर अवलंबून असे.

विज्ञानेश्वरानंतर चारपाचशे वर्षांनी गोदातीरची दोन घराणी काशीत धर्मनिर्णयाचे काम करताना दिसतात. एक पैठणचे भट्ट घराणे. रामेश्वर भट्ट पैठणहून काशीस गेले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट आणि नारायण भट्टांचे नातू कमलाकर भट्ट. कमलाकरांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ मध्ये पूर्ण झाला आणि आजही पंचांगकर्त्यांच्या हाताशी असतो. दुसरे शेष घराणे. या घराण्याचे मूळ नांदेडचे मानले जाते. गीतेवर ‘यथार्थदीपिका’ लिहिणारे वामनपंडितही नांदेडचे शेषच सांगितले जातात. काशीत या घराण्याची कीर्ती व्याकरणाची. सोळाव्या शतकातील शेष कृष्ण हे भट्टोजी दीक्षितांचे गुरू. त्याच शेष कृष्णांनी पिलाजी नावाच्या राजाच्या इच्छेवरून ‘शूद्राचारशिरोमणि’ हा ग्रंथ लिहिला. पुढे कमलाकर भट्टांनी ‘शूद्रकमलाकर’ लिहिला.

शूद्रांसाठी स्वतंत्र धर्मग्रंथ का लागावा? आमच्या मते याचे उत्तर पिलाजीसारख्या आश्रयदात्यांत आहे. दक्षिणेत आणि उत्तरेत अनेक सत्ताधारी व धनिक घराणी अशी होती, की ज्यांना शास्त्री शूद्र गणीत. त्यांना संस्कार हवे होते, श्राद्ध हवे होते, प्रतिष्ठा हवी होती. पंडितांनी त्यांना ते दिले, पण माप लावून दिले. संस्कार होतील, वैदिक मंत्रांवाचून. मंत्र पौराणिक, तोही ब्राह्मणाच्या मुखातून. यजमानाने ‘नमः’ म्हणावे. पुराणे त्याने ब्राह्मणाकडून ऐकावीत, स्वतः वाचू नयेत. आचाराची ही बारीक शिवण पाहिली म्हणजे शेष कृष्णांच्या पांडित्याविषयी शंका उरत नाही. ज्याने व्याकरणातल्या प्रत्ययाचा हिशेब चोख ठेवला, त्यानेच माणसाच्या अधिकाराचाही हिशेब तितकाच चोख ठेवला.

शूद्रकमलाकरात आणखी एक वाद येतो. कलियुगात ब्राह्मण आणि शूद्र हे दोनच वर्ण उरले, या वचनाचा कमलाकर विचार करतात आणि आपल्या वडिलांच्या मताने सांगतात की आपले कर्म सोडलेले क्षत्रिय व वैश्य कोठे कोठे गुप्त रूपाने आहेत. पुढे १६७४ मध्ये रायगडावर छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच भट्ट घराण्यातले. ज्या राजाने राज्य उभे केले, त्यालाही आधी क्षत्रिय ठरावे लागले. राजाची ही गत असेल तर गावकुसाबाहेरच्या माणसाची कथा सांगायला नको. विशेष म्हणजे पैठणच्याच संत एकनाथांनी भागवतावरील आपली मराठी टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली, आणि त्याच शतकात त्याच नगरीत शूद्राचारशिरोमणीही तयार झाला. एकाच गोदातीराचे हे दोन प्रवाह काशीच्या घाटावर एकमेकांजवळून गेले.

धर्म या शब्दाला दुसरा अर्थ देता येत नव्हता काय? येत होता, आणि तो दिलाही गेला होता. गुलबर्गा हा नांदेडप्रमाणेच पूर्वी हैदराबाद संस्थानातला जिल्हा. तेथे भीमेकाठी सन्नती गावी चंद्रलांबा मंदिराच्या परिसरात १९८० च्या दशकात अशोकाच्या शिलालेखांची शिळा उजेडात आली. देवीच्या मूर्तीचे पीठ म्हणून ती वापरली गेली होती. तीवरील बारावा लेख दुसऱ्याच्या पंथाचा मान राखण्याविषयी आहे. अशोकाच्या इतर लेखांत धम्म म्हणून आईवडिलांची सेवा येते, ब्राह्मण आणि श्रमण दोघांना दान येते, दास आणि चाकर यांच्याशी नीट वागणे येते. वर्णाचे कर्तव्य त्यात कोठेही नाही. दासाशी कसे वागावे हे मालकाला सांगणारा हा धर्म आहे. दासाने दासपण कसे पाळावे हे सांगणारे शास्त्र त्यानंतरही लिहिले जात राहिले.

बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या न झालेल्या भाषणात नियम आणि तत्त्व यांत जो भेद केला, तो या पार्श्वभूमीवर वाचावा. जैमिनीची धर्माची व्याख्या त्यांनी तेथे मुद्दाम विचारात घेतली आहे. नियम काय करावे ते सांगतात, तत्त्व कशावरून पारखावे ते सांगते. हिंदू ज्याला धर्म म्हणतात तो आज्ञांचा आणि निषेधांचा संग्रह आहे, हे त्यांचे निदान रागाचे नव्हते. ते मीमांसेच्या स्वतःच्या व्याख्येवर उभे होते. त्याआधी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हेही येथे नोंदवून ठेवू.

खेड्यातल्या माणसाने ना मिताक्षरा वाचली, ना शूद्राचारशिरोमणि. तरी सामान्य आणि विशेष धर्माचा भेद त्याच्या बोलीत पक्का होता. शेजारधर्म हा शब्द होता, धर्माची भाकर होती, आणि त्याबरोबर ‘पायरी’ही होती. ‘पायरीने वागावे’, ‘पायरी सोडू नये’. मंत्र नसलेला वर्णधर्म या एका शब्दात मावला होता. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला, तेव्हा नांदेड जिल्ह्यात आणि सबंध मराठवाड्यात वस्त्या जळाल्या त्या या पायरीवरून. एका विद्यापीठाच्या पाटीवरील नावाने कोणाचे शेत गेले नव्हते, कोणाचे घर गेले नव्हते. ४ ऑगस्टला टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडात आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. शेष कृष्णांच्या ग्रंथाचे संस्कृत आता तेथल्या कोणत्याही विद्यार्थ्याला, जात न विचारता, शिकता येते. तो ग्रंथ काशीच्या सरस्वती भवन ग्रंथमालेत छापलेला आहे.